बुसानला गेलेले १३० जण

बांगलादेशाचा तयार कपड्यांचा धंदा स्वस्त मजुरीवर उभा राहिला, असे आपण सहज म्हणतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९७५ साली तिथली मजुरी कवडीमोल होती. आदल्याच वर्षीच्या दुष्काळाने खेड्यांतली माणसे ढाक्याच्या रस्त्यांवर आणून टाकली होती आणि काम मागणारे हात लाखांनी होते. तरीही त्या देशातून परदेशी जाणारा शर्ट शोधून सापडला नसता. निर्यात म्हणजे ताग, तागाची पोती, थोडा चहा आणि थोडे चामडे. त्यानंतर चार दशकांच्या आत हाच देश चीनखालोखाल जगाला कपडे पुरवू लागला. हे कसे घडले ते समजून घ्यायचे, तर आधी ढाक्यापासून फार दूर उभ्या राहिलेल्या एका भिंतीकडे पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९५५-५६च्या सुमारास एका डॉलरला मिळणारे जपानी ब्लाउज अमेरिकेच्या दुकानांत दिसू लागले. कॅरोलायना आणि जॉर्जियातल्या गिरणीमालकांनी ओरड केली. त्या गिरण्यांच्या गावांतून निवडून येणारे खासदार वजनदार होते. १९५७ साली जपानने ‘स्वेच्छेने’ आपली निर्यात आवरती घेतली. जपान मागे सरला तसे हाँगकाँग पुढे आले, मग तैवान, मग दक्षिण कोरिया. १९६१ साली अल्प मुदतीचा करार झाला आणि पुढच्याच वर्षी दीर्घ मुदतीचा. हे दोन्ही करार फक्त सुती कापडापुरते होते, म्हणून आशियातले कारखानदार पॉलिएस्टरकडे वळले. अखेर १ जानेवारी १९७४ पासून बहुतंतू करार लागू झाला. सूत, लोकर, कृत्रिम धागा सगळे त्यात आले. कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचे किती कपडे पाठवायचे, याचे आकडे श्रीमंत देश एकेका गरीब देशाशी बसून ठरवू लागले. सर्व देशांना सारखे वागवायचे, हे जागतिक व्यापाराचे मूळ तत्त्व कपड्यांपुरते बाजूला ठेवले गेले आणि ते तीस वर्षे बाजूलाच राहिले.

या भिंतीत एक फट होती. कोटा देशाला लागू होता, कंपनीला नव्हता. कोरियाचा शर्टांचा कोटा संपला, तरी कोरियन कंपनीला दुसऱ्या देशात शर्ट शिवून अमेरिकेला पाठवायला कुणाची आडकाठी नव्हती. त्या देशावर अजून कोटा बसलेला नसला म्हणजे झाले. त्यामुळे सत्तरच्या दशकात कोरिया आणि हाँगकाँगचे कारखानदार नकाशा पुढ्यात घेऊन कोटा नसलेले देश शोधू लागले. श्रीलंका, मॉरिशस आणि मालदीवसारख्या ठिकाणी शिलाईयंत्रे पोचली ती याच शोधातून. बांगलादेशावर तर कोटा घालण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता, कारण तिथे कपडे शिवलेच जात नव्हते.

देवू ही कोरियन कंपनी किम वू-चूंग यांनी १९६७ साली काढली ती कापडाच्या निर्यातीसाठीच. पुढे तिने जहाजे बांधली, मोटारी काढल्या, पण तिचा पाया कापडात होता आणि बुसानमध्ये तिचा शर्टांचा प्रचंड कारखाना होता. किम बांगलादेशात आले तेव्हा टायर, सिमेंट, चामडे असे बरेच बेत त्यांच्या मनात होते. राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनाही परकीय भांडवल हवेच होते. पण त्या बेतांपैकी खरा ठरला तो एका माजी सनदी अधिकाऱ्याबरोबरचा छोटा करार.

या अधिकाऱ्याचे नाव नूरुल कादेर. १९७१च्या मार्चमध्ये ते पाबना जिल्ह्याचे उपायुक्त होते. पाकिस्तानी सैन्याविरुद्ध जिल्ह्यात उठाव झाला, तेव्हा ते आपल्या खुर्चीसकट त्या बाजूला गेले आणि पुढे मुजीबनगरच्या हंगामी सरकारात सचिव झाले. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरी सोडून ते धंद्यात उतरले. शिवणकामाचा वा कारखानदारीचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. सरकार कसे चालते, कायद्यातली कोणती ओळ बदलली की काय हलते, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडले ते हेच ज्ञान.

त्यांची देश गार्मेंट्स ही कंपनी आणि देवू यांचा करार ४ जुलै १९७८ रोजी झाला. कारखाना पूर्णपणे ‘देश’चा, देवूचा त्यात हिस्सा नव्हता. देवूने यंत्रे निवडून द्यायची, तंत्र शिकवायचे, माल विकून द्यायचा आणि त्याबद्दल विक्रीच्या आठ टक्के घ्यायचे. करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम प्रशिक्षणाचे होते. त्यानुसार १९७९ साली १३० बांगलादेशी माणसे बुसानच्या कारखान्यात जाऊन कित्येक महिने राहिली. त्यांत काही तरुण स्त्रियाही होत्या. त्या काळच्या बंगाली मुसलमान मध्यमवर्गात मुलीला एकटीने शेजारच्या जिल्ह्यात धाडणेही अवघड होते. इथे ती कोरियाला जाऊन कारखान्यात काम शिकणार होती.

देशात पहिला निर्यातदार ‘देश’ नव्हे, हेही सांगायला हवे. तो मान ढाक्याच्या रियाज गार्मेंट्सला दिला जातो. शिंप्याच्या दुकानातून वाढलेल्या या कारखान्याने १९७८ साली दहा हजार शर्ट पॅरिसला पाठवले होते. पण रियाजची ती झेप एका कसबी माणसाची होती. चटगावात ‘देश’च्या कारखान्यात जे घडणार होते, ते शेकडो माणसांच्या हातून घडणार होते.

बुसानमध्ये ही माणसे काय शिकली? सुई-दोरा चालवायला कोरियाला जावे लागत नाही. ढाक्यात उत्तम शिंपी होते. पण शिंपी अख्खा शर्ट शिवतो. कारखान्यात शर्टाचे वीस-पंचवीस तुकडे होतात. एक जण दिवसभर फक्त कॉलर उलटवतो, दुसरा कफ जोडतो, तिसरा बाही बसवतो, चौथा काजे करतो. कापडाचे थर टेबलावर किती उंचीचे घालायचे, कागदी नमुने कसे मांडले की चिंध्या कमी पडतात, ओळीतले एक यंत्र बंद पडले तर पुढचे हात रिकामे राहू नयेत म्हणून कुणाला कुठे हलवायचे, माल जहाजावर चढण्याच्या तारखेपासून उलटे मोजत कापड कधी यायला हवे, गिऱ्हाइकाचा माणूस कॉलरची टोके पट्टीने मोजतो तेव्हा किती फरक चालतो, हे सगळे ती माणसे शिकली. यातले फारच थोडे पुस्तकात लिहिता येते. ते उभे राहून पाहावे लागते, चुकावे लागते, पुन्हा करावे लागते. देवूने ते सगळे मोकळ्या हाताने दिले, असे नंतर काय झाले त्यावरून दिसते.

एक धडा मात्र त्या अभ्यासक्रमात नव्हता. आधीच्या वीस वर्षांत कोरियाने जो कपड्यांचा धंदा उभा केला, त्याची किंमत कोरियन मुलींनी चुकवली होती. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या पीस मार्केटमध्ये चोन ते-इल या बावीस वर्षांच्या कापड कापणाऱ्या कामगाराने स्वतःला पेटवून घेतले होते. बुटक्या माळ्यांवर वाकून, धुळीत, चौदा-पंधरा तास शिवणाऱ्या पोरसवदा मुलींसाठी तो कामगार कायदा पाळा, एवढेच मागत होता. १९७९ सालीही कोरिया शांत नव्हता. ऑक्टोबरमध्ये खुद्द बुसानचे रस्ते निदर्शनांनी भरले आणि दहा दिवसांत राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळी घातली. बांगलादेशी प्रशिक्षणार्थी मायदेशी परतले ते कसब घेऊन. चोन ते-इलने ज्यासाठी जीव दिला, ते त्यांच्याबरोबर आले नाही. ते आणावे असे ना देवूला वाटले, ना ‘देश’ला, ना कुठल्या गिऱ्हाइकाला. पुढची चौतीस वर्षे वाचताना मला हीच गोष्ट सारखी टोचत राहते.

चटगावजवळ काळुरघाटला कारखाना उभा राहिला. यंत्रे आली, शिकलेली माणसे आली, पण कापड कुठले? निर्यातीला चालेल असे कापड देशात विणले जात नव्हते. बाहेरून आणावे तर डॉलर हवेत, आणि डॉलर तर सरकारकडेही नव्हते. शिवाय आयात कापडावर जबर जकात. इथे नूरुल कादेर यांच्यातला सनदी अधिकारी कामाला लागला. त्यांनी आणि मध्यवर्ती बँकेने मिळून दोन सोयी बसवल्या. पहिली, पाठोपाठच्या पतपत्रांची. पतपत्र म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने शर्टांसाठी जे पतपत्र उघडले असेल, तेच तारण धरून ढाक्याची बँक कोरियातल्या कापडवाल्याच्या नावे दुसरे पतपत्र उघडते. कापडवाल्याला पैसे द्यायचे ते काही महिन्यांनी. तोवर शर्ट शिवून रवाना झालेले असतात, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असतात आणि कापडाचे बिल त्यातूनच भागते. कारखानदाराला पदरचा एक डॉलरही घालावा लागत नाही. दुसरी सोय म्हणजे बंधपत्रावरचे गोदाम. निर्यातीसाठी आणलेले कापड जकात न भरता त्यात ठेवायचे, आणि जेवढे आत गेले तेवढे शर्टांच्या रूपात देशाबाहेर पडले याचा हिशोब द्यायचा.

वाचायला रुक्ष वाटणाऱ्या या दोन तरतुदींनी बांगलादेशाचे नशीब पालटले, असे मी पूर्ण विचाराने लिहितो. यंत्रे आणि माणसे इतर गरीब देशांकडेही होती. भांडवल नसलेल्या माणसालाही कारखाना काढता येईल, अशी वाट फार थोड्यांनी काढली.

१९८० साली ‘देश’ने ४३,००० शर्ट बाहेर पाठवले. एका शर्टामागे सव्वा डॉलरच्या आसपास मिळाले. सगळी विक्री जेमतेम ५५ हजार डॉलरची. ३० मे १९८१ रोजी चटगावच्याच सर्किट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष झिया यांची हत्या झाली. त्यानंतर महिन्याभराने, ३० जूनला, ‘देश’ने देवूशी केलेला करार मुदतीआधीच मोडला. आता बाजार आपला आपण शोधू, आठ टक्के कशाला द्यायचे, असा हिशोब होता, आणि तो बरोबर निघाला. १९८७ साली ‘देश’चे शर्ट २३ लाखांवर गेले.

पण खरी गोष्ट त्या १३० माणसांची आहे. ऐंशीच्या दशकात त्यांतले ११५ जण ‘देश’ सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणाला नव्या मालकाने दुप्पट पगारावर उचलले, कुणी खरेदीदारांची दलाली सुरू केली. बुसानमध्ये शिकलेले कसब त्यांच्याबरोबर ढाक्यात, नारायणगंजात, गाझीपुरात पोचले. पतपत्राची आणि गोदामाची सोय ‘देश’साठी बसवलेली, पण ती कुणालाही खुली होती. १९८५ पर्यंत निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने सातशेच्या वर गेले. नूरुल कादेर यांनी माणसांना शिकवण्यावर खर्च केला आणि त्याचे फळ बहुतांशी त्यांच्या स्पर्धकांनी खाल्ले. हे पुढे युंग ह्वी री या अर्थतज्ज्ञाने सविस्तर मांडले. १९९८ साली नूरुल कादेर वारले, तेव्हा त्यांचा कारखाना देशातल्या बड्या कारखान्यांत नव्हता. धंदा मात्र देशातला सर्वांत मोठा झाला होता.

१९८५ साली भिंत बांगलादेशापर्यंतही आली. अमेरिकेने, पाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्सने त्याच्या शर्टांवर कोटा बसवला. युरोपचा लवकरच उठला, अमेरिकेचा राहिला. पहिल्या धक्क्याने बरेच छोटे कारखाने बंद पडले. मग वेगळेच घडले. चीन, हाँगकाँग, कोरिया यांचे कोटे भरलेले असत, त्यामुळे खरेदीदारांना उरलेला माल कुठून तरी घ्यावाच लागे, आणि बांगलादेशाचा कोटा दरवर्षी वाढत होता. जी भिंत अमेरिकी गिरणी कामगारांसाठी बांधली, तिच्या आडोशाला चटगाव-ढाक्याचे कारखाने वाढले. कॅरोलायनातल्या गिरण्या काही तिने वाचवल्या नाहीत.

या कारखान्यांत कामाला आल्या त्या मुली. रंगपूर, मैमनसिंग, बारिसालच्या खेड्यांतून, कुणी नवऱ्याने टाकलेल्या, कुणी हुंड्याच्या भयाने, कुणी फक्त शाळा सुटल्यावर रिकामे बसायचे नाही म्हणून. दिवसा रस्त्यावर बाई दिसणे जिथे विरळ, तिथे मीरपूर आणि सावारच्या रस्त्यांनी सकाळी सातला जेवणाचे डबे घेतलेल्या मुलींचे लोंढे वाहू लागले. नायला कबीर यांनी या मुलींशी बोलून ‘द पॉवर टू चूज’ हे पुस्तक लिहिले. या मुली नुसत्या पिळल्या गेल्या, हे म्हणणे जसे अर्धे आहे, तसेच त्या मुक्त झाल्या हे म्हणणेही. तीच मुलगी महिनाअखेरीस धाकट्या भावाची फी भरत होती, लग्न लांबवत होती, आणि तीच बाहेरून कुलूप घातलेल्या मजल्यावर रात्री दहापर्यंत बसत होती. १९९४ साली किमान वेतन महिना ९३० टाका ठरले आणि ते २००६ पर्यंत, बारा वर्षे, तेवढेच राहिले. त्याच काळात निर्यात कित्येक पटींनी वाढत होती.

१ जानेवारी २००५ रोजी कोटा संपला. आता चीन सगळे गिळणार आणि बांगलादेशात लाखो मुली घरी बसणार, असे भाकीत बहुतेकांनी केले होते. त्या उन्हाळ्यात चिनी कपड्यांचा असा पूर आला की युरोपने घाईघाईने पुन्हा मर्यादा घातल्या आणि कोट्यवधी स्वेटर, पँट, ब्रेसिअर बंदरांत अडकून पडल्या. पण बांगलादेश बुडाला नाही. १९८३-८४ साली ३ कोटी डॉलर असलेली त्याची कपड्यांची निर्यात २००४-०५ साली ६४१ कोटींवर होती. २०१२-१३ साली ती २,१५० कोटींवर गेली. युरोपात त्याला जकात माफ होती. त्या माफीसाठी बराच काळ अट अशी होती की कापडही देशातच तयार व्हावे. म्हणून नारायणगंजच्या परिसरात होजिअरीचे विणकाम वाढले, सूतगिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांना लागणारी रुई बांगलादेशात जवळजवळ पिकत नाही. गेली काही वर्षे भारतीय कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश आहे, आणि म्हणून यवतमाळ-अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव चढतो-उतरतो त्यात ढाक्याच्या मागणीचाही हात असतो. २०११ साली भारताने बांगलादेशी कपड्यांवरची जकात उठवल्यावर तोच कापूस शर्ट होऊन आपल्या दुकानांतही येऊ लागला.

धंदा इतक्या वेगाने वाढला की त्याला इमारती पुरेनात. घरे, बाजारपेठा, अर्धवट बांधलेले मजले, जागा मिळेल तिथे यंत्रे बसली. ११ एप्रिल २००५ रोजी सावार भागातला स्पेक्ट्रम कारखाना कोसळून ६४ जण मेले. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ताझरीन कारखान्याला आग लागली. शंभराहून अधिक मृत्यू. त्यानंतर पाचच महिन्यांनी राणा प्लाझा.

सावारच्या या आठ मजली इमारतीत खाली दुकाने आणि एक बँक होती, वर कपड्यांचे पाच कारखाने. वरचे मजले परवानगीविना चढवलेले. २३ एप्रिल २०१३ रोजी खांबांना तडे गेले. तपासायला आलेल्या इंजिनियरने इमारत धोक्याची असल्याचे सांगितले, माणसे बाहेर काढली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेने आपल्या लोकांना येऊ दिले नाही. वरच्या कारखान्यांनी मात्र कामगारांना बोलावले. महिनाअखेर होती आणि पगार बुडण्याची भीती होती. नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर धडधडू लागले, आणि इमारत खाली बसली. १,१३४ माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. युरोप-अमेरिकेच्या दुकानांतली लेबले ढिगाऱ्यात सापडली, आणि ती आपलीच आहेत हे कबूल करायला काही कंपन्यांनी दिवस घेतले.

तीन आठवड्यांत, १५ मेला, एक करार झाला. त्याचे महत्त्व त्यातल्या कायदेशीर बंधनात होते. त्याआधी प्रत्येक बड्या कंपनीचे स्वतःचे आचारनियम होते, स्वतःचे तपासनीस होते. ताझरीन आणि राणा प्लाझातल्या कारखान्यांची अशी तपासणी होऊन गेलेली होती. या नव्या करारावर दोनशेहून अधिक कंपन्यांनी जागतिक कामगार संघटनांबरोबर सह्या केल्या आणि शब्द न पाळणाऱ्या कंपनीला लवादापुढे खेचता येऊ लागले. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात कंपनीने, बहुतांशी कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी, २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सोळाशेच्या आसपास कारखान्यांत अग्निरोधक दारे बसली, जिने मोकळे झाले, वायरिंग बदलले गेले, खांब भक्कम केले गेले. पीस मार्केटमध्ये १९७० साली जे मागितले गेले होते, त्यातले थोडेसे १९७९ साली बुसानहून आलेल्या कसबाबरोबर यायला हवे होते. ते २०१३ साली, एवढी माणसे गेल्यावर आले.

दुरुस्तीचा बहुतेक खर्च कारखानदारांवर पडला. मार्क ॲनर या अभ्यासकाने राणा प्लाझानंतरच्या चार-पाच वर्षांतले भाव तपासले, तेव्हा खरेदीदार बांगलादेशी कारखान्यांना देत असलेला दर १३ टक्क्यांनी घटल्याचे त्याला आढळले. माल देण्याची मुदतही त्याच काळात आखडत गेली. नवे दार बसवा, नवा जिना बांधा, आणि शर्ट मात्र पूर्वीपेक्षा कमी दरात द्या, असा हा व्यवहार होता. कारखानदार ही तूट शेवटी कुठून भरून काढतो, हे २०२३च्या नोव्हेंबरमध्ये गाझीपूर आणि आशुलियाच्या रस्त्यांवर दिसले. कामगार संघटना महिना २३,००० टाका मागत होत्या. निदर्शनांत किमान चार कामगार मेले, शेकडो कारखाने काही दिवस बंद राहिले. सरकारने १२,५०० टाका जाहीर केले आणि कामगार परत यंत्रांवर बसले.